रोजची भाकर आणि एक अनोळखी शब्द

काही शब्द आपल्या इतक्या परिचयाचे होऊन गेलेले असतात, की त्यांच्या अर्थाविषयी मनात कधी शंकाच उद्भवत नाही. ख्रिस्ती धर्मीयांच्या प्रमुख प्रार्थनेतील ‘रोजची भाकर’ हे शब्द अशांपैकीच आहेत. येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेली ही प्रार्थना आज जगातील शेकडो भाषांत म्हटली जाते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या अनेक अख्रिस्ती मराठी माणसांनाही ती लहानपणापासून पाठ असते. तीत स्वर्गाचे, क्षमेचे, मोहाचे उल्लेख आहेत. पण सामान्य माणसाच्या हृदयाला भिडते ती भाकरीची मागणी. हातावर पोट असणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

आणि तरीही वस्तुस्थिती अशी आहे, की ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण ‘रोजची’ असे करतो, त्या शब्दाचा निश्चित अर्थ आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. एवढेच काय, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, ग्रीक ही ज्याच्या अध्ययनाची आणि अध्यापनाची भाषा होती, अशा एका थोर विद्वानालाही तो सांगता आला नव्हता. या एका शब्दाचा इतिहास हा धर्मशास्त्र्यांपुरता विषय नाही. शब्दाचा अर्थ कसा ठरतो, विद्वत्तेच्या क्षेत्रात चूक कशी रुजते आणि ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याला किती धैर्य लागते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

व्यवहारात नसलेला शब्द

तो शब्द म्हणजे ‘एपिऊसिओस’. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ही प्रार्थना किंचित भिन्न अशा दोन रूपांत आली आहे. दोन्ही ठिकाणी ‘आर्तोस’, म्हणजे भाकर, या नामाचे विशेषण म्हणून हा शब्द योजलेला आहे. ‘दिदाखे’ नावाच्या एका प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात तो पुन्हा भेटतो. पण तेथेही हीच प्रार्थना दिलेली आहे. या प्रार्थनेच्या बाहेर, होमरपासून पुढच्या साऱ्या ग्रीक साहित्यात, नाटककारांत, इतिहासकारांत, वक्त्यांत, वैद्यकाच्या ग्रंथांत, हा शब्द कोठे आढळत नाही. नंतरच्या लेखकांनी तो वापरला आहे, परंतु या प्रार्थनेवर भाष्य करतानाच.

अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने तिसऱ्या शतकात प्रार्थनेवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ओरिजेन हा काही साधासुधा भाविक नव्हता. तरुणपणी त्याने व्याकरणाचा शिक्षक म्हणून काम केले होते आणि ग्रीक वाङ्मयाचे त्याचे वाचन अफाट होते. या शब्दापाशी येताच तो थांबतो आणि प्रांजळपणे सांगतो, की हा शब्द कोणाही ग्रीक पंडिताच्या लेखनात नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडविलेला दिसतो. येशू बोलत असे ती आरमाइक भाषा. तेव्हा त्याच्या मुखातील कोणत्या तरी आरमाइक शब्दासाठी कोणा अज्ञात भाषांतरकाराने हा ग्रीक शब्द तयार केला असावा, आणि मत्तय व लूक या दोघांच्याही हाती तो एकाच ग्रीक परंपरेतून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. इतका विलक्षण शब्द दोघांना स्वतंत्रपणे सुचला असे मानणे कठीणच आहे. पण तो मूळ आरमाइक शब्द आज आपल्यापुढे नाही.

वेदांच्या अभ्यासकांना ही अडचण नवी वाटणार नाही. ऋग्वेदातील ‘जर्भरी’, ‘तुर्फरीतू’ यांसारख्या शब्दांनी पिढ्यान् पिढ्या पंडितांची परीक्षा पाहिली आहे. मंत्र अर्थहीनच आहेत हे कौत्साचे मत यास्काने निरुक्तात नोंदविले आणि त्याचे खंडनही केले. अनोळखी शब्द समोर आला, की माणसाला दोन मोह होतात. तो शब्द निरर्थक ठरवून मोकळे व्हावे हा एक. आणि व्युत्पत्तीचा पिळा देऊन त्यातून हवा तो अर्थ काढावा हा दुसरा. ‘एपिऊसिओस’च्या बाबतीत दुसरा मोह अधिक प्रबळ ठरला.

‘अस्’ की ‘इ’?

व्युत्पत्तीचा वाद संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला चटकन उमजेल असा आहे. शब्दाच्या आरंभीचा ‘एपि’ हा उपसर्ग आपल्या ‘अपि’चा सहोदर. प्रश्न आहे तो पुढच्या भागाचा. तो ‘असणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला, की ‘जाणे-येणे’ या अर्थाच्या धातूपासून? पहिला धातू म्हणजे संस्कृतातील ‘अस्’चा भाऊ, दुसरा संस्कृतातील ‘इ’चा, ज्यापासून ‘एति’ हे रूप होते. दोन हजार वर्षांच्या वादाचे सार इतकेच, की ही भाकर ‘अस्’ची आहे की ‘इ’ची.

‘अस्’चा पक्ष घेतला, तर ‘ऊसिया’ हे नाम पुढे येते. त्याचा अर्थ सत्ता, अस्तित्व, द्रव्य. मग ‘अस्तित्वासाठी आवश्यक ती भाकर’ असा अर्थ निघतो. किंवा उपसर्गाला अधिक वजन दिले, तर ‘सर्व द्रव्यांच्या पलीकडची भाकर’ असा आध्यात्मिक अर्थही काढता येतो. ओरिजेनचा कल याच बाजूला होता. याच धातूवरून ‘चालू असलेल्या दिवसाची’ असाही अर्थ काहींनी लावला आहे.

‘इ’चा पक्ष घेतला, तर ‘एपिऊसा’ हे ग्रीकमध्ये सर्रास वापरले जाणारे रूप हाताशी येते. ‘हे एपिऊसा’ म्हणजे ‘येणारी’. ‘दिवस’ हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी असल्याने, ‘येणारा दिवस’. लूकनेच लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थाने हे रूप एकाहून अधिक वेळा येते. त्यावरून ‘येणाऱ्या दिवसाची भाकर’ असा अर्थ सरळ लागतो.

येथे संधीचा नियम मदतीला येतो. ‘एपि’ या उपसर्गापुढे स्वर आला, की त्यातील अंत्य ‘इ’ सामान्यतः लोपतो. म्हणजे ‘ऊसिया’पासून शब्द बनला असता, तर तो ‘एपूसिओस’ असा व्हावयास हवा होता. उलट ‘इ’ धातूपासून तो बनला असेल, तर मधला ‘इ’ हा धातूचाच असल्याने टिकून राहतो आणि अडचण उरत नाही. या नियमाला अपवाद आहेत, हे मान्य केले पाहिजे. म्हणून एवढ्यावर निकाल देता येणार नाही. तथापि व्याकरणाचे पारडे ‘इ’कडे झुकते, यात शंका नाही.

आणि ‘रोजची’ या रूढ अर्थाचे काय? त्याला व्याकरणाचा आधार सर्वांत कमी आहे. ‘रोजचा’ किंवा ‘दिवसापुरता’ या अर्थाचे सोपे शब्द ग्रीकमध्ये होते आणि नव्या करारातच ते अन्यत्र वापरलेले आहेत. विधवांना होणाऱ्या दैनंदिन वाटपाचा उल्लेख ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये आहे, याकोबाच्या पत्रात दिवसाच्या अन्नाचा उल्लेख आहे, दोन्ही ठिकाणी साधे, सर्वांना कळणारे शब्द आहेत. ते हाताशी असता नवा शब्द घडविण्याचे कारण काय? शिवाय लूकच्या पाठात ‘प्रतिदिनी’ असे शब्द याच वाक्यात स्वतंत्रपणे आले आहेत. तेव्हा विशेषणाचाही अर्थ ‘रोजची’ असाच घेतला, तर निष्कारण द्विरुक्ती होते.

दोन भाषांतरे आणि एक भांडण

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारून सिद्ध केले. त्याच्यापूर्वीच्या लॅटिन पाठांत ‘रोजची’ हाच अर्थ रूढ होता. जेरोमने लूकमध्ये तो कायम ठेवला. पण मत्तयामध्ये त्याच ग्रीक शब्दासाठी ‘सुपरसबस्टान्शियालेम’, म्हणजे ‘द्रव्यातीत’, असा भारदस्त शब्द घातला. एकाच भाषांतरकाराने एकाच शब्दाचे एकाच प्रार्थनेत दोन भिन्न अर्थ करावेत, याहून त्याच्या मनातील संदेहाचा दुसरा पुरावा कोणता हवा? याच जेरोमने मत्तयावरील भाष्यात आणखी एक मोलाची नोंद केली आहे. इब्री लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात या ठिकाणी ‘माहार’, म्हणजे ‘उद्याची’, असा शब्द त्याला आढळला होता. तो ग्रंथ पुढे लुप्त झाला. नोंद तेवढी राहिली.

इतर भाषांतही एकवाक्यता नव्हती. सिरियाक भाषेतील एका जुन्या पाठात ‘नित्याची’, तर पुढे सर्वमान्य झालेल्या पाठात ‘आमच्या गरजेची’ असा अर्थ केला आहे. इजिप्तमधील कॉप्टिक भाषांतरकारांनी ‘येणारी’ किंवा ‘उद्याची’ असा अर्थ घेतला. स्वतः ग्रीक भाषिक असलेल्या योहान क्रिसोस्टोमने आपल्या प्रवचनात ‘एका दिवसापुरती’ असे सांगितले. ज्याला जसे भावले, तसे त्याने घेतले.

जेरोमच्या या दुहेरी भाषांतरामुळे बाराव्या शतकात फ्रान्समध्ये एक वाद उपस्थित झाला. तत्त्वज्ञ आबेलार याने स्थापन केलेल्या आणि एलोईजच्या देखरेखीखाली असलेल्या पॅराक्लीट मठातील जोगिणी प्रार्थनेत ‘रोजची’ऐवजी ‘द्रव्यातीत’ हा शब्द म्हणत असत. क्लेअरव्हॉचा प्रख्यात संत बर्नार तेथे आला असता त्याला ते खटकले. आबेलारने त्याला पत्र लिहून समर्थन केले, की मत्तय हा प्रत्यक्ष ऐकणारा शिष्य होता, लूक तसा नव्हता. म्हणून मत्तयाचाच पाठ अधिक प्रमाण. युक्तिवाद चतुर खरा. पण मूळ ग्रीकात दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. भांडण होते ते जेरोमच्या संदेहातून जन्मलेल्या दोन लॅटिन शब्दांचे!

अस्सलबरहुकूम नक्कल

पुढे आधुनिक काळात एक चमत्कारिक प्रकरण घडले आणि ते आपल्या सर्वांना बोधप्रद आहे. इजिप्तमधील फायूम प्रांतातील हावारा येथे फ्लिंडर्स पेट्री यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेल्या पपायरसवरील ग्रीक लेखांचे वाचन ऑक्सफर्डचे विद्वान आर्चिबाल्ड सेस यांनी १८८९ साली प्रसिद्ध केले. त्यांत एक घरखर्चाची यादी होती. एका ओळीत अर्ध्या ओबोलची, म्हणजे किरकोळ रकमेची, नोंद होती आणि तिच्यापुढे ‘एपिऊसि’ अशी अक्षरे सेस यांनी वाचली होती. १९१५ साली प्रायझिग्के यांच्या पपायरसलेखांच्या संग्रहात ही यादी समाविष्ट झाली. १९२५च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष त्या ओळीकडे गेले आणि मोठा आनंद झाला. ओरिजेनला जो शब्द लोकव्यवहारात सापडला नाही, तो एका गृहस्थाच्या बाजारहाटाच्या यादीत सापडला! म्हणजे तो रोजच्या शिध्याचा साधा शब्द होता तर! कोशांतून आणि भाष्यांतून हा दाखला दिला जाऊ लागला.

अडचण एकच होती. मूळ पपायरस कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सेस यांच्या वाचनाची मुळाशी तुलना करणे शक्य नव्हते, आणि त्यांची वाचने नेहमीच बिनचूक असत असेही नव्हते. १९५७ साली अमेरिकेतील ब्रूस मेट्झगर यांनी प्रार्थनेच्या बाहेर हा शब्द वस्तुतः किती वेळा आढळतो, या प्रश्नाची कसून छाननी केली आणि या एकमेव दाखल्यावर किती भिस्त ठेवावी याविषयी शंका उपस्थित केली. अखेर १९९८ साली तो हरवलेला पपायरस येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात सापडला. नाइमान आणि वॉर्प या दोन अभ्यासकांनी तो नव्याने वाचून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या ओळीत ‘एपिऊसिओस’ नव्हतेच. तेथे होते ‘एलाइऊ’, म्हणजे ‘तेलाचे’. अर्ध्या ओबोलचे तेल!

एकशे नऊ वर्षे एका चुकीच्या वाचनाने पुराव्याची जागा अडवून ठेवली होती. यात कोणी लबाडी केली नव्हती. एकाने वाचले, दुसऱ्याने संग्रहात घेतले, तिसऱ्याने कोशात नोंदविले, चौथ्याने कोशाचा हवाला दिला. प्रत्येकाने आपल्या आधीच्यावर विश्वास ठेवला, आणि पुनरावृत्तीलाच प्रामाण्य प्राप्त झाले. आमच्या कचेऱ्यांतून जुन्या काळी नकलेवर ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा मारीत. ती सही करण्यापूर्वी कारकुनाने नक्कल अस्सलाशी ताडून पाहिली पाहिजे, असा दंडक होता. तो शेरा अस्सल न पाहताच मारला गेला, तर काय होते, याचे हे जागतिक कीर्तीचे उदाहरण आहे. वर्गात कोशातील अर्थ फळ्यावर लिहून देणाऱ्या शिक्षकाने आणि तो वहीत उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यानेही हे ध्यानात ठेवावे, की कोशातील नोंद ही एका साक्षीदाराची साक्ष असते. ती न्यायाधीशाचा निकाल नसते.

ओरिजेनची थोरवी येथे कळते. त्याच्याजवळ कोश नव्हते, अनुक्रमणिका नव्हत्या. त्याने आपले वाचन आणि आपले कान यांचा कौल घेतला आणि ‘हा शब्द व्यवहारात नाही’ असे नमूद केले. त्याने लावलेला अर्थ आज अनेकांना पटत नाही. पण त्याचे हे निरीक्षण मात्र त्या पपायरसच्या उलगड्यानंतर पुन्हा एकदा अबाधित ठरले आहे.

उद्याची चिंता

मग अर्थ कोणता घ्यावा? प्रस्तुत लेखकाला ‘येणाऱ्या दिवसाची’ हा अर्थ सर्वांत सयुक्तिक वाटतो. त्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. याच सहाव्या अध्यायाच्या शेवटी येशू उद्याची चिंता करू नका असे बजावतो. तोच उद्याची भाकर मागावयास कसा शिकवील? आक्षेप वजनदार आहे. पण ‘येणारा दिवस’ म्हणजे नेहमी चोवीस तासांनंतरचाच दिवस असे नाही. प्लेटोच्या ‘क्रितो’ या संवादात तुरुंगातील सॉक्रेटीस पहाट होण्यापूर्वी बोलत आहे, आणि तो ‘एपिऊसा’ म्हणतो तो आता उजाडू पाहणारा दिवस. भल्या पहाटे प्रार्थना करणाऱ्याला येणारा दिवस म्हणजे आजचाच दिवस. ज्यू लोकांचा दिवस तर सूर्यास्ताला सुरू होतो. सायंकाळी प्रार्थना करणाऱ्याच्या दृष्टीने येणारा दिवस उंबरठ्यावरच उभा असतो.

या प्रार्थनेमागे असलेले जीवनही विसरून चालणार नाही. वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना मिळत असे तो त्या त्या दिवसापुरता; साठवून ठेवला तर त्यात किडे पडत, मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे, ही ‘निर्गम’ ग्रंथातील कथा प्रत्येक ज्यू श्रोत्याला ठाऊक होती. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, अशी आज्ञा त्यांच्या धर्मशास्त्रात आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळी मजुरांना बोलावून एकेक दीनार हातावर ठेवतो. शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढाच देतो. दिवसभराच्या श्रमानंतर संध्याकाळी जी मजुरी हाती पडते, तिच्यातून शिजते ती पुढच्या दिवसाची भाकर. ती घरात आली, तरच त्या रात्री मजुराला निश्चिंत झोप लागते. उद्याची चिंता करू नये म्हणून उद्याच्या भाकरीची हमी आज मागणे, यात विसंगती कसली? ज्याचे कोठार भरलेले आहे, त्यालाच ती विसंगती वाटेल.

हा अर्थ प्रस्तुत लेखकाला पटतो, एवढेच. तो सिद्ध झाला आहे असा दावा करणे म्हणजे हावाराच्या यादीतील चूक पुन्हा करणे होईल.

भाषांतरकाराची कोंडी

भाष्यकाराला ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहून पुढे जाता येते. भाषांतरकाराला ती सवलत नाही. प्रार्थनेत कोरी जागा सोडता येत नाही, लोकांना ती म्हणावयाची असते. सेरामपूरला विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ साली छापून झाला, तेव्हापासून प्रत्येक मराठी भाषांतरकारापुढे हे विशेषण उभे राहिले आहे. संस्कृतच्या प्रकांड पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्तिसदनात उतारवयात ग्रीक आणि इब्री भाषांचा अभ्यास केला, तो साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत मुळावरून बायबल उतरविण्यासाठी. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. अस्सल पाहिल्यावाचून नक्कल करावयाची नाही, हा बाणा त्या कामामागे होता. धातूंची उकल करण्यात ज्यांची हयात गेली, त्या रमाबाईंना ‘अस्’ आणि ‘इ’ यांचा हा पेच परका वाटला नसेल.

विशेषण अनिश्चित राहिले, तरी मराठीला नाम मात्र फार चांगले मिळाले आहे. ‘भाकर’ हा शब्दच असा, की ती रोज थापावी लागते आणि ताजीच खाल्ली जाते. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत त्या जागी ‘गिरास’, म्हणजे घास, हा शब्द आहे. तोही तितकाच जिव्हाळ्याचा. ‘रोजची’ हा शब्द व्याकरणाच्या कसोटीला पुरता उतरत नाही, तरी लोकांच्या तोंडून तो काढून टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. दीड हजार वर्षांहून अधिक काळ भुकेल्या माणसांनी तो उच्चारला आहे, आणि त्या उच्चाराने त्याला स्वतःचा असा एक अर्थ दिला आहे.

मात्र मुखाने ‘रोजची’ म्हणताना त्यामागे एक अनोळखी शब्द उभा आहे, याची जाणीव मनात असावी. कोणा अनामिक भाषांतरकाराला प्रचलित शब्द अपुरे वाटले आणि त्याने नवा शब्द घडविला. त्याला नेमके काय म्हणावयाचे होते, ते बहुधा त्याच्याबरोबरच गेले. उरला आहे तो शब्द, आणि त्याच्यापुढे नम्र होऊन पुन्हा पुन्हा अस्सल ताडून पाहण्याचे काम. ज्ञानाची भाकरही रोजच थापावी लागते. शिळ्या नोंदींवर फार काळ गुजराण होत नाही.